सायबर सुरक्षेचा वर्ग लोहाऱ्यात भरवायचा तर

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 पासून चालू आहे. ते संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. त्याच वसाहतीत रेमंड युकोचा डेनिमचा कारखाना आहे आणि भोवती सगळा कापसाचा मुलूख. अशा ठिकाणी संगणकशास्त्र विभागात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाकडे सायबर सुरक्षेचा पेपर आला की पहिली तक्रार ठरलेली असते: हे पुण्या-बंगळुरूचं काम, इथे ना कंपन्या, ना महागडी प्रयोगशाळा, मुलांना दाखवायचं काय? ही तक्रार मला पटत नाही. दाखवण्यासारखं यवतमाळ जिल्ह्यात भरपूर आहे. पाठ्यपुस्तक मिटून तिकडे बघायची सवय मात्र लावून घ्यावी लागते. हा लेख अशा प्राध्यापकांसाठी आहे, आणि एम.ई. करून किंवा नेट देऊन या पेशात येऊ पाहणाऱ्यांसाठीही.

सुरुवात जिल्ह्यातल्याच प्रकरणाने करा. आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या नावे नागरी नोंदणी प्रणालीत 27 हजारांहून अधिक जन्मनोंदी चढल्याचं 2025 च्या अखेरीस उघड झालं. गावची लोकसंख्या दीड हजाराच्या घरात. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी 15 च्या आसपास धरला तर अशा गावात वर्षाला वीस-पंचवीस बाळं जन्मायला हवीत. गुन्हा कुणी केला हे शोधणं पोलिसांचं काम आहे, वर्गात त्या वाटेला जाऊ नये. वर्गातले प्रश्न वेगळे असतात. एका लॉगिनवरून दिवसाला किती नोंदी होऊ द्याव्यात? ओटीपी कुणाच्या फोनवर जातो, आणि त्या माणसाची बदली झाल्यावर तो नंबर कोण बदलतं? लॉग साठतात, पण ते वाचतं कोण?

यावर दोन तासांचं एक छान प्रात्यक्षिक होतं. पायथनमध्ये पाचशे काल्पनिक ग्रामपंचायतींच्या वर्षभराच्या नोंदी तयार करा, त्यात चार-पाच ठिकाणी गडबड पेरा आणि मुलांना ती शोधायला सांगा. बहुतेक जण लोकसंख्येने भागतील आणि ज्या गावाचा आकडा मोठा येईल त्याच्यावर बोट ठेवतील. इथे त्यांना थांबवायचं. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते, आईबाप राहतात तिथे नव्हे. म्हणून ज्या छोट्या गावात ग्रामीण रुग्णालय आहे, तिथे लोकसंख्येच्या मानाने नोंदी जास्तच असणार, आणि त्यात वावगं काही नाही. असं एक रुग्णालयाचं गाव आधीच माहितीत घालून ठेवा. विसंगती म्हणजे गुन्हा नव्हे, आणि ज्या क्षेत्रातली माहिती तपासायची त्या क्षेत्राची रीत आधी कळावी लागते, हा धडा मुलांना एका फसलेल्या क्वेरीतून मिळतो. व्याख्यानातून तो मिळत नाही.

दुसरं प्रकरण पुण्याचं. 11 आणि 13 ऑगस्ट 2018 या दोन दिवसांत कॉसमॉस सहकारी बँकेतून 94 कोटी 42 लाख रुपये गेले. मोठा वाटा परदेशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी काढला गेला, 13 कोटी 92 लाख स्विफ्टमार्फत हाँगकाँगला पाठवले गेले. सहकारी बँकांवर चालणाऱ्या भागातल्या मुलांना ही गोष्ट लगेच कळते, कारण घरातलं कुणीतरी अशाच बँकेचं सभासद असतं. तांत्रिक मुद्दा असा: एटीएमकडून आलेली मागणी बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचलीच नाही, मध्येच बसवलेल्या बनावट स्विचने ‘मंजूर’ असं उत्तर दिलं. वर्गात तीन मुलं उभी करा: एक एटीएम, एक बँक, एक मधला. चिठ्ठ्यांची देवाणघेवाण करा. मग विचारा, संदेशावर एचमॅक लावला तर मधला अडेल का? ‘हो’ म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न: किल्ली त्या मधल्याच यंत्रावर ठेवलेली असेल तर? अभ्यासक्रमातल्या ‘की मॅनेजमेंट’ या कोरड्या प्रकरणात तिथून जीव येतो.

अभ्यासक्रमाबद्दल थोडं कडक बोलायला हवं. आपल्याकडे डीईएसच्या 16 फेऱ्यांची आकृती मुलं अजून पाठ करतात. या सांकेतिक पद्धतीची किल्ली 56 बिटांची. 1998 मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने खास बनवलेल्या यंत्राने ती तीन दिवसांच्या आत शोधून दाखवली आणि 2005 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने हे मानक मागे घेतलं. इतिहास म्हणून डीईएस एका तासात सांगावं आणि पुढे जावं. वाचलेला वेळ ब्राउझरमधलं प्रमाणपत्र कसं तपासलं जातं याला द्यावा, आणि ऑगस्ट 2024 मध्ये त्याच संस्थेने जाहीर केलेल्या क्वांटमोत्तर मानकांची तोंडओळख करून द्यावी. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत आकृती येते हे खरं आहे. त्यासाठी शेवटच्या आठवड्यात एक उजळणी पुरते.

आता प्रयोगशाळा. 8 जीबी रॅमची साधी यंत्रं असतील तर खुशाल कामाला लागा. प्रत्येक यंत्रावर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात काली लिनक्सला 2 जीबी आणि मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या मेटास्प्लॉइटेबलला अर्धा जीबी दिला की काम भागतं. वेबच्या चुका शिकवायला ओवॅस्पचं ज्यूस शॉप किंवा डीव्हीडब्ल्यूए, पॅकेट बघायला वायरशार्क. बफर ओव्हरफ्लोसारखी जुनी दुखणी नीट समजून घ्यायची तर सिरॅक्यूज विद्यापीठातले सीड लॅब्सचे प्रयोग आहेत. यातलं सगळं फुकट मिळतं. नेटचा भरवसा नसतो, म्हणून मोठ्या फाइली एकदाच उतरवून महाविद्यालयाच्या सर्व्हरवर ठेवा आणि मुलांना प्रत घेतल्यावर एसएचए-256 ची बेरीज जुळवून बघायला लावा. पहिल्याच दिवशी एक प्रयोग झाला.

एक नियम मात्र दारावर लिहून लावा: आभासी यंत्रांचं जाळं ‘इंटर्नल’ किंवा ‘होस्ट-ओन्ली’, ‘ब्रिज्ड’ कधीच नाही. ब्रिज्ड ठेवलेलं मेटास्प्लॉइटेबल महाविद्यालयाच्या खऱ्या जाळ्यावर उघडं पडतं, आणि शेजारच्या खोलीतल्या लेखा विभागाच्या संगणकावर कुणीतरी गंमत म्हणून एनमॅप चालवतं. ही गंमत कशी महागात पडू शकते ते पुढे येतंच.

जर्नल उतरवून काढायची आपली जुनी प्रथा या विषयात मोडता येते, तीही फार कष्ट न घेता. प्रत्येकाच्या रोल नंबरवरून एचमॅकने वेगळा ‘फ्लॅग’ तयार करा आणि तो त्याच्या आभासी यंत्रात दडवा. शेजाऱ्याचं उत्तर लिहून काही उपयोग होत नाही. पद्धत मात्र उतरवता येईल, किंवा चॅटबॉटला विचारता येईल. म्हणून तोंडी परीक्षेला पाच मिनिटं जादा द्यावीत आणि एकच प्रश्न विचारावा: ही आज्ञा दिल्यावर जाळ्यातून नेमकं काय गेलं, वायरशार्कमध्ये दाखव. ज्याने स्वतः केलं असेल तो दाखवतो.

शिकवण्याची भाषा हा लोहाऱ्यासारख्या ठिकाणी कळीचा प्रश्न आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेला मुलगा ‘ऑथेंटिकेशन’ आणि ‘ऑथरायझेशन’ यांत महिनाभर अडकतो. तू कोण आहेस हे पटवणं आणि तुला काय करायची मुभा आहे हे ठरवणं, असं मराठीत सांगितलं की पाच मिनिटांत सुटतो. पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने 2021-22 पासून संगणक अभियांत्रिकीची एक तुकडी मराठीतून सुरू केली, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि प्रोग्रॅमिंगचे धडे मराठी आवाजात आहेत. त्यांचा उपयोग करा. माझा कल असा: समजावणं मराठीत, संज्ञा इंग्रजीच्या देवनागरीत, आणि लिहिणं इंग्रजीत, कारण उत्तरपत्रिका, शोधनिबंध आणि एरर मेसेज तिन्ही इंग्रजीत असतात. ‘मध्यस्थ-हल्ला’ असले शब्द घडवत बसू नका. मुलं ते मुलाखतीत बोलणार नाहीत.

परवानगी हा विषय पहिल्या आठवड्यातच उरकावा, शेवटच्या युनिटवर ढकलू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 चा सगळा भर मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीवर आहे. परवानगीशिवाय कुणाच्या संगणकात शिरलात, माहिती उतरवून घेतलीत किंवा सेवा अडवलीत तर भरपाई द्यावी लागते. हेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम 66 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘सर, मी फक्त बघत होतो’ हा बचाव होत नाही. 2010 मध्ये भारतीय मतदान यंत्राच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्यांपैकी हैदराबादच्या एका अभियंत्याला अटक झाली. अभ्यासासाठी वापरलेलं यंत्र मुंबईतून चोरीला गेलेलं होतं, असा आरोप होता. त्यांचा निबंध त्याच वर्षी एसीएमच्या सीसीएस या मोठ्या परिषदेत आला. निबंधाच्या गुणवत्तेने उपकरणाच्या मालकीचा प्रश्न मिटत नाही. कोणत्याही बाजूचं मत असलं तरी हे प्रकरण वर्गात मांडण्याजोगं आहे.

तेव्हा प्रत्येक प्रकल्पाआधी परवानगीचा कागद करा. त्यात कोणती यंत्रं आणि कोणते आयपी पत्ते, कोणत्या तारखा आणि वेळा, काय करणार आणि काय करणार नाही, सापडलेली माहिती कुठे ठेवणार आणि कधी पुसणार, काही बंद पडलं तर कुणाला फोन करायचा, एवढं असावं, आणि खाली ज्याच्या ताब्यात यंत्रणा आहे त्याची सही. विभागप्रमुखाची सही शेजारच्या कारखान्याच्या यंत्रणेला चालत नाही. कुठल्या सरकारी संकेतस्थळावर चूक दिसलीच तर ती खोलवर तपासत बसू नका, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तर मुळीच टाकू नका. केंद्राच्या सर्ट-इनला कळवा, उणिवा कळवण्याची सोय त्यांच्याकडे आहे.

परवानगीची गोष्ट माणसांनाही लागू आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या योगदानावर लिनक्स कर्नलच्या व्यवस्थापकांनी बंदी घातली. संशोधकांनी सदोष दुरुस्त्या मुद्दाम पाठवून त्या पकडल्या जातात का ते बघितलं होतं, आणि तपासणाऱ्यांना विचारलं नव्हतं. आपल्याकडे ‘विद्यार्थ्यांना फिशिंग मेल पाठवून बघू’ असले प्रकल्प हौसेने घेतले जातात. संस्थेची लेखी मान्यता, आधी ठरवलेली मर्यादा आणि नंतर प्रत्येकाला सांगणं, एवढं असेल तरच घ्या. फसलेल्यांची नावं कुठल्याही अहवालात नकोत.

आता संशोधन, आणि इथे लोहाऱ्याचं भौगोलिक भाग्य कामी येतं. कापड गिरणीत, जिनिंगमध्ये, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पीएलसी नावाची नियंत्रक यंत्रं असतात. त्यांच्यात फार चालणारी मॉडबस ही बोली 1979 ची. तिच्या मूळ रूपात पासवर्ड नाही, ओळख पटवणं नाही. जाळ्यात शिरलेला कुणीही ‘मोटर बंद कर’ म्हणू शकतो आणि यंत्र ऐकतं. गिरणीवाल्यांना हे माहीत नसतं असं नाही. चालू यंत्रणा बदलणं म्हणजे उत्पादन थांबवणं, म्हणून ते जाळं वेगळं ठेवून भागवतात. त्या वेगळेपणाला भोकं कुठे पडतात, देखभालीचा लॅपटॉप कुठून कुठे फिरतो, दुरून दुरुस्ती करणाऱ्याचं मोडेम रात्री चालू राहतं का, हे अभ्यासाचे प्रश्न आहेत.

त्याचा प्रयोग कारखान्यात करायचा नाही. एक स्वस्त रास्पबेरी पाय, त्यावर ओपनपीएलसी हे मुक्त सॉफ्टवेअर, एक छोटी मोटर आणि दोन दिवे एवढ्यात टेबलावर गिरणी उभी राहते. वस्त्र अभियांत्रिकीच्या सहकाऱ्याला सोबत घ्या. कताईच्या यंत्राचा वेग अचानक दहा टक्क्यांनी वाढला तर धाग्याचं काय होतं, हे संगणकवाल्याला माहीत नसतं. ज्या हल्ल्याने यंत्र बंद पडतं तो लगेच कळतो, पण ज्याने माल हळूहळू बिघडतो तो कळत नाही. दोन शाखांची अशी भेट मोठ्या शहरातल्या अनेक विभागांनाही साधत नाही.

दुसरं क्षेत्र मोबाइलवरच्या फसवणुकीचं. वीज तोडण्याची धमकी, वाहनाच्या दंडाची एपीके फाइल, अनुदानाच्या योजनेच्या नावाची लिंक, हे संदेश मराठीत येतात, कधी रोमन लिपीतल्या मराठीत, आणि अर्धवट हिंदी मिसळून. इंग्रजीवर शिकवलेली ओळखयंत्रं तिथे गडबडतात. पुण्याच्या एल3क्यूब गटाने मराठीसाठी महाबर्ट आणि त्याच्यासारखी भाषा-प्रारूपं मुक्त केली आहेत. त्यांच्या पायावर मराठी फसव्या संदेशांचं वर्गीकरण हा एम.ई.च्या प्रबंधाला पुरेसा आणि खरोखर उपयोगी विषय आहे. संदेश गोळा करताना लोकांकडून लेखी संमती घ्या, फोन नंबर आणि नावं त्याच दिवशी काढून टाका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आहे आणि त्याच्या कक्षेत महाविद्यालयंही येतात. एपीके उघडायची तर जॅडएक्समध्ये, स्वतःच्या फोनवर नाही. गोळा करायला गेलेल्या मुलांनी 1930 हा मदत क्रमांक लोकांना सांगून यावं. पैसे गेल्यावर पहिल्या तासात फोन झाला तर रक्कम गोठवण्याची आशा असते.

‘मशीन लर्निंगने घुसखोरी ओळखणं, अचूकता 99 टक्के’ या विषयावर मात्र कृपया आणखी एक प्रबंध नको. असे प्रबंध बहुधा केडीडी कप 99 या माहितीसंचावर असतात. त्याचा उगम 1998 च्या लष्करी प्रयोगात आहे. तेव्हा ना स्मार्टफोन होते ना यूपीआय. आणि 99 टक्क्यांचं गणित स्वतः करून बघा. दिवसाला दहा लाख घटना, त्यांत शंभर खरे हल्ले. यंत्र 99 टक्के हल्ले पकडतं आणि निरुपद्रवी घटनांपैकी फक्त एक टक्क्यावर चुकून ओरडतं. म्हणजे 99 खरे इशारे आणि 9,999 खोटे. शंभर इशाऱ्यांमागे एक खरा. रात्रपाळीचा माणूस दोन दिवसांत इशारे बघणंच सोडतो. संशोधक विद्यार्थ्याने हे गणित पहिल्या महिन्यात करावं, मार्गदर्शकाने ते करून घ्यावं.

वाचन कसं करावं? एस. केशव यांचा शोधनिबंध वाचण्याच्या तीन फेऱ्यांबद्दलचा 2007 चा छोटा निबंध मुलांना पहिल्याच आठवड्यात द्या. सुरक्षेतलं उत्तम काम चार परिषदांत येतं: आयईईई एस अँड पी, युजनिक्स सिक्युरिटी, एसीएम सीसीएस आणि एनडीएसएस. युजनिक्सचे निबंध कुणालाही फुकट वाचता येतात, त्यामुळे ग्रंथालयाची वर्गणी नाही ही सबब उरत नाही. आठवड्याला एक निबंध, चार मुलं, एक तास आणि कटिंग चहा. सुरुवातीला निम्मं कळत नाही, आणि ते तसंच असतं.

पेशात येऊ पाहणाऱ्यांसाठी पात्रतेचं थोडक्यात. अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापकासाठी संबंधित शाखेची बी.ई. आणि एम.ई. किंवा एम.टेक., दोन्हींपैकी एकात प्रथम श्रेणी, अशी एआयसीटीईची अट आहे. विज्ञान महाविद्यालयात बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. संगणकशास्त्र शिकवायचं तर नेट किंवा सेट हवी. नेटमध्ये आपल्या विषयाचा संकेतांक 87, आणि महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. गेट देऊन एम.टेक.ला गेलात तर दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन आहे, जेआरएफ मिळाली तर पीएच.डी.ला सुरुवातीला 37,000. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी. किमान तीन वर्षांची, त्यात किमान 12 श्रेयांकांचा कोर्सवर्क, आणि नोकरी करत अर्धवेळही करता येते. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावावर किती निबंध आहेत हे मोजू नका. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्याला फोन करा आणि मसुदा दिल्यावर किती दिवसांनी परत मिळायचा, तेवढं विचारा.

प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही सक्तीही 2022 च्या नियमांत उरलेली नाही, आणि यूजीसीची केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. म्हणजे चांगलं नियतकालिक कोणतं हे आता तुम्हालाच ठरवायचं आहे. तीन दिवसांत स्वीकृती आणि त्याबरोबर यूपीआयचा क्यूआर कोड पाठवणाऱ्यांना एकही रुपया देऊ नका. ते पैसे दुसऱ्या रास्पबेरी पायवर खर्च करा.